बिनसहीची चार पानं

दादा, तुझ्या शोकसभेत मला डुलकी लागली. लोकांना वाटलं, धाकटी बहीण दुःखानं मान खाली घालून बसली आहे. शेजारच्या बाईंनी तर पाठीवरून हातही फिरवला. खरं म्हणजे सहा वक्ते बोलून झाले होते आणि सहाही जण तुझ्याच थाटात बोलले होते. बोलले खूप, म्हणाले काहीच नाही. 'समतोल विचारवंत', 'मराठवाड्याचा सुपुत्र', 'संवादावर श्रद्धा असलेला मुत्सद्दी'. दिल्लीत किती वर्षं शिकवलंस, कोणकोणत्या देशांत राजदूत होतास, कोणती पुस्तकं लिहिलीस, हे सगळं एकानं कागदावरून वाचून दाखवलं. माझा डोळा लागला तो दुसऱ्या आणि तिसऱ्या देशाच्या मध्ये कुठंतरी.

जाग आली ती टाळ्यांनी. शोकसभेत कुणी टाळ्या वाजवत नाही, पण घोषणाच तशी झाली होती. आपल्या गावच्या गायरानावर ज्या शिक्षणसंस्थेच्या इमारती उभ्या आहेत, तिथल्या वाचनालयाला तुझं नाव देणार आहेत. मी मागं वळून बघितलं. आपला धाकटा भाऊ सोपान शेवटच्या रांगेत बसला होता, अंगात वॉचमनचा निळा शर्ट. चितेगावच्या कंपनीतून ड्युटी संपवून तो तसाच आला होता. टाळ्या वाजवत नव्हता आणि उठूनही जात नव्हता. मांडीवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता.

सभा सुटल्यावर स्मृतिसमितीचे चिटणीस माझ्याकडं आले. म्हणाले, "ताई, स्मरणिकेसाठी तुम्ही दोन शब्द द्या. घरगुती आठवणी. हलकंफुलकं असलं तरी चालेल." मी हो म्हटलं. तर हे ते दोन शब्द.

निवृत्त झाल्यावर तू गारखेड्यात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून फ्लॅट घेतलास, तेव्हा मला फार आनंद झाला होता. वाटलं, आता सरकार नाही, परदेश नाही, आता माणूस मोकळं बोलेल. कसलं काय. या शहराचं नावसुद्धा तू कधी घेतलं नाहीस. जुनं नाव घेणारे जुनं घेतात, नवं घेणारे नवं, बाकीच्यांच्या तोंडी येईल ते. तू आपला 'आपलं शहर' म्हणत राहिलास. तुझा ठरलेला रिक्षावाला, अन्वरभाई, एकदा वैतागून मला म्हणाला, "बाजी, साब कू पूछे चाय पीते क्या, तो बोलते, देखेंगे. अब चाय में क्या देखनेका?"

भाजी खारट झाली तर तू 'मीठ जाणवतं' म्हणायचास. तुझ्या भाचीला आलेलं स्थळ कसं वाटलं विचारलं, तर 'दोन्ही घरांचे काही चांगले मुद्दे आहेत'. ती बिचारी तासभर वाट बघत बसली की मामा पुढं काही बोलेल. मामानं चष्मा पुसला आणि पेपर उघडला. दादा, राजदूत असताना असं बोलायचा पगार मिळत असेल, पण माझ्या स्वयंपाकघरात तुला कसली भीती होती?

तुझ्या पुस्तकांच्या मागच्या पानावर छापलेलं असायचं, 'एका शेतकरी कुटुंबात जन्म'. आपल्याकडं शेत कुठं होतं? आपल्याकडं मेंढरं होती. आबाच्या खांद्यावर घोंगडी, मायच्या डोक्यावर संसार आणि आपण तिघं कळपामागं. दिल्लीत ते सांगायची तुला लाज वाटत होती, हे मी समजू शकते. पण त्या डोंगराळ देशात, जिथं सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गुराख्यांचा वाद मिटवल्याबद्दल तुझं एवढं नाव झालं, तिथं तू पहिल्याच बैठकीत म्हणे सांगितलंस की मी स्वतः मेंढपाळाचा मुलगा आहे. ती मंडळी हेलावली. दोन्हीकडचे कळप ठरलेल्या महिन्यात सीमा ओलांडून चरायला जाऊ लागले. तुला मोठं पदक मिळालं. म्हणजे आबाची घोंगडी उपयोगाची असेल तिथं तू ती अंगावर घ्यायचास आणि नसेल तिथं घडी करून ठेवायचास. हे मी तुला तोंडावर म्हटलं होतं. तू म्हणालास, "हा एक दृष्टिकोन झाला."

आता त्या कागदाबद्दल लिहिते. तुमच्या धंद्यात एक कागद असतो, नॉन-पेपर म्हणतात त्याला. तूच समजावून सांगितलं होतंस, मोठ्या कौतुकानं. वर कुठल्या सरकारचं नाव नाही, खाली सही नाही. आपलं म्हणणं समोरच्याच्या हातात तर द्यायचं, पण उद्या अंगाशी आलं की 'तो आमचा कागद नव्हे' म्हणायला मोकळं. तू म्हणालास, मोठमोठी भांडणं अशा कागदांनी मिटली आहेत. मिटली असतील. मला तेव्हाच वाटलं होतं की हा कागद बेवारस आहे, पण तुझ्यापुढं मी कोण? जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण.

पुढं पुढं तू घरातही तेच करायला लागलास. माय अंथरुणाला खिळली तेव्हा तिला कुणी सांभाळायचं यावर तू मला दिल्लीहून टाइप केलेला कागद पाठवलास. वर 'काही पर्याय' आणि खाली नाव नाही. माय माझ्याकडं राहिली, तो पर्याय क्रमांक एक होता. ती शेवटपर्यंत विचारायची, "भागवताचं पत्र आलं का?" मी म्हणायचे, आलंय. तो कागद दाखवायची हिंमत मात्र झाली नाही, कारण मायला वाचता येत नसलं तरी खाली कुणाचं नाव आहे का, एवढं तिला बघता येत होतं.

हे सगळं लिहिताना मला एक दुपार आठवते आणि हात थांबतो. मी सात वर्षांची, तू अकराचा. आबा म्हणाला होता की यंदापासून द्वारकीनं कळपामागं जायचं, शाळा पुरे. आपण गायरानातच होतो, मोठ्या दगडापाशी, जिथं तू मला काठीनं मातीत अक्षरं काढून शिकवायचास. तू उठलास आणि आबासमोर जाऊन उभा राहिलास. तू म्हणालास, "द्वारकी शाळंत जाईल. नाय तर म्या बी जात नाय." आबानं काठी उगारली. तू हललाही नाहीस. शेवटी आबाच वळला आणि मेंढरं हाकायला लागला.

त्या एका वाक्यावर मी मास्तरीण झाले. पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं, पेन्शन खाते आहे, हे अक्षर लिहिते आहे, सगळं त्या वाक्यामुळं. त्याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, ते आत्ता दाखवते. दादा, तू नसतास तर मी आज कुणाच्या तरी दारात भाकर मागत उभी असते. आणि म्हणूनच तुझा एवढा राग येतो. ज्याला सरळ बोलताच येत नाही अशा माणसावर कोण रागावेल? तुला येत होतं. अकराव्या वर्षी येत होतं.

तीन वर्षांपूर्वी सोपान माझ्या दारात आला, गायरानाचं सांगायला. त्या संस्थेनं सरकारकडं सगळं गायरान मागितलं होतं. लेणी बघायला येणाऱ्यांसाठी विश्रामगृह आणि सोबत कॉलेज. गावातल्या बाकीच्यांना नोकऱ्यांचं सांगितलं होतं, त्यामुळं त्यांनी हरकती मागं घेतल्या. उरली आपली मेंढरंवाली आठ घरं. सोपान म्हणाला, "अक्का, आमचं कोन ऐकतंय? दादानं एक कागद लिहून दिला तर ऐकतील. त्यानं परमुलखातलं कुरन वाचिवलं, ह्ये तर घरचं हाय."

तू लिहिलास, हे मी नाकारत नाही. अन्वरभाईची रिक्षा करून तू थेट गावापर्यंत गेलास, तीन दिवस सोपानसोबत गायरान तुडवलंस. कळप कुठून शिरतो, पाणी कुठं पितो, पावसाळ्यात कुठला उतार मोकळा ठेवतात, सगळं विचारलंस. मग माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून सांगत गेलास आणि मी लिहून घेतलं, कारण तुझा हात कापायला लागला होता. चार पानं झाली. तुझी सगळी पुस्तकं मी वाचली आहेत, कंटाळत का होईना. त्यांतलं एकही पान या चार पानांच्या जवळ जात नाही. त्यात तो मोठा दगडसुद्धा होता. लिहिताना माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

शेवटची ओळ झाली. मी पेन तुझ्यापुढं केलं. "खाली सही कर." तू पेन घेतलं नाहीस. म्हणालास, "त्याची गरज नसते. मजकूर स्वतःच बोलतो." मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तू राजदूत, तू विद्वान, मला वाटलं मोठ्या लोकांच्या कागदांची रीतच अशी असेल. मी चार पानं पाकिटात घातली आणि सोपानला दिली.

सुनावणी प्रांत कार्यालयात होती. तू आला नाहीस, तुला कुठंतरी व्याख्यान होतं. मी सोपानसोबत गेले. प्रांतसाहेब तरुण होते, चांगले होते. त्यांनी ती चार पानं तिथंच वाचली, दोनदा वाचली. मग म्हणाले, "मजकूर उत्तम आहे. कुणी लिहिलंय?"

"माझ्या भावानं, सायेब. राजदूत व्हते." सोपानची छाती फुगली होती.

"मग सही का नाही? त्यांचं म्हणणं असेल तर मी आत्ता रेकॉर्डवर घेतो आणि वर पाठवतो. बिनसहीचं कसं घेऊ?"

त्यांनी सोपानकडून नंबर घेतला, तुला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. समोर संस्थेचे वकील बसले होते. तुझा आवाज आला, तोच, मीठ जाणवतं म्हणणारा. "ते माझं निवेदन नाही. चर्चेला सोयीचं जावं म्हणून कुणीतरी केलेलं टिपण असावं."

असावं. दादा, तू असावं म्हणालास.

संस्थेच्या वकिलानं हसू लपवलं नाही. प्रांतसाहेबांनी पानं उलटसुलट करून बघितली. त्यांना खरंच काहीतरी करायचं होतं असं मला आजही वाटतं. ते म्हणाले, "मग हे अक्षर कुणाचं आहे?"

मी तिथं होते. सोपानच्या शेजारच्या खुर्चीवर. अक्षर माझं होतं, मी त्याच गावची, मेंढरं मीही राखलेली. 'माझं आहे, द्या इकडं, मी सही करते' एवढंच म्हणायचं होतं. पण मी म्हटलं असतं तर तू चार माणसांत खोटा ठरला असतास. मी खाली बघितलं. सोपाननं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग तोही खाली बघायला लागला. कागद त्याला परत मिळाला.

बाहेर आल्यावर त्यानं पाकीट खिशात कोंबलं आणि मलाच समजावलं, "जाऊ दे अक्का. दादाची कायतरी आडचन आसंल."

अडचण काय होती, हे मी नंतर तुला किती रविवार विचारलं. संस्थेनं तुला काही देऊ केलं होतं का? नाही. कुणाचा दबाव होता? नाही. तुला यातून दमडीचा फायदा नव्हता, आणि तेच मला जास्त लागतं. लोभापायी माणूस घसरला तर निदान कारण तरी कळतं. तू नुसत्या सवयीनं भावाला बुडवलंस. फोनवर कुणी विचारलं, हे तुमचं का, की तुझं तोंड आपोआप नाही म्हणतं, इतकी वर्षं त्याला तेच शिकवलेलं. मी विचारलं की तू म्हणायचास, "त्या परिस्थितीत शब्द जपून वापरणं आवश्यक होतं." मग मी ताट जरा जोरात आपटायचे आणि तू निमूट जेवायचास. आपलं भांडण तिथंच राहिलं. ते पूर्ण करायच्या आत तू सकाळी फिरायला म्हणून गेलास आणि बाकावर बसल्या बसल्या गेलास. जातानाही कुणाला काही न सांगता. शोभलं तुला.

गायरानाला तारेचं कुंपण पडलं. सोपाननं मेंढरं विकली. एक मेंढी ठेवली होती, पण ती एकटी चरेना, मग तीही देऊन टाकली. चितेगावला वॉचमन लागला. त्याचं काम काय, तर येईल त्याच्याकडून रजिस्टरमध्ये सही घ्यायची. सही नसेल तर तो साहेबालाही आत सोडत नाही. कंपनीत त्याचं या बाबतीत नाव आहे म्हणतात.

तुझी राख सावडून आलो त्या दिवशी तो माझ्या ओट्यावर बसला होता. म्हणाला, "अक्का, येक सांगायचं ऱ्हायलं. दादा आल्ता कंपनीत."

"कवा?" त्याच्याशी बोलताना माझंही गावचं बोलणं परत येतं.

"उन्हाळ्यात. अन्वरभाईच्या रिक्षात. गेटवर उतरला. म्या वळख दिली नाय. रजिस्टर फुडं केलं, म्हनलं, सायेब, सही करा."

"मग?"

"केली. पुरं नाव लिहिलं. कुनाला भेटायचं, तिथं माझं नाव, आबाच्या नावासकट. काम काय, तिथं पेन धरून उभाच ऱ्हायला. मागं गाड्यांची लाईन लागली. मंग लिहिलं, वैयक्तिक."

"आन् तू?"

"म्या वाचलं. म्हनलं, ते ड्युटीवर हायेत सायेब. ड्युटीवर भेटता येत नाय." सोपान ओट्याच्या फरशीवरून बोट फिरवत होता. "व्हय म्हनला आन् गेला. लई लागलं आसंल का गं त्याला?"

मी म्हणाले, "लागलं आसंल तर बरंच झालं." आणि मग तू गेल्यापासून पहिल्यांदा मी रडले. शेजारची सून धावत बाहेर आली, इतकं.

वैयक्तिक. गेटवर, उन्हात, धाकट्या भावाच्या हातातल्या रजिस्टरपुढंही तुला पळवाटच सुचली. पण सही केलीस. मला तो दिवस आठवला. तू दुपारी माझ्याकडं जेवायला आला होतास, रविवार नसताना. दुसरी भाकरी मागून घेतलीस, जे तू कधी करत नव्हतास. आणि म्हणालास, "चितेगावकडचा रस्ता चांगला झालाय." मी म्हटलं, तुला काय करायचंय चितेगावच्या रस्त्याशी? तू हसलास. मी पुढं विचारलं नाही, कारण तुला विचारून काही कळतं हा विश्वासच तू ठेवला नव्हतास. विचारायला हवं होतं. हे एक माझ्याकडं राहिलं.

वरचं सगळं लिहून मी समितीला पाठवलं. दुसऱ्या दिवशी चिटणीसांचा फोन आला. आवाज फार गोड. "ताई, लेख अप्रतिम आहे. पण जरा तीव्र आहे. काही भाग गाळून घेऊ. आणि मला वाटतं नाव नकोच टाकायला. 'एक निकटवर्तीय' असं देऊ. तुमच्याच दृष्टीनं बरं."

दादा, त्यांनी वाचनालयाला तुझं नाव देण्याआधीच तुझा अभ्यास पुरा केलाय बघ.

संध्याकाळी सोपान आला तेव्हा मी त्याला सगळा लेख वाचून दाखवला, प्रांत कार्यालयात मी खाली बघितलं तेही. ते आम्ही दोघं कधीच बोललो नव्हतो. मध्येच त्यानं उठून मला पाणी दिलं, म्हणाला, फुडं वाच. संपल्यावर पानं हातात घेऊन त्यानं शेवटचं पान उलटं करून बघितलं, गेटवर बघतो तसं. मग माझ्यापुढं ठेवलं.

"सही कर खाली, अक्का," तो म्हणाला.

चिटणीसांना मी कळवलं आहे की छापायचं नसेल तर छापू नका, पण छापलंत तर सगळं आणि नावासकट. त्या दिवशी कार्यालयात एका भल्या माणसानं एक प्रश्न विचारला होता. उत्तराला तीन वर्षं उशीर झाला. सोपानचं गायरान त्यानं परत येत नाही आणि तुझी बाजूही सावरत नाही. तरी सांगते.

हे अक्षर माझं आहे.

द्वारका रंगनाथ गाडेकर
गारखेडा